सिक लाइनवरची हाक

बसा अजून थोडा वेळ. संध्याकाळच्या वावटळीनं कुठंतरी तार तुटली आहे, लाइट काही इतक्यात येत नाही. ज्या कोराडीत वीज तयार होते त्याच कोराडीच्या कॉलनीत कंदील लावून बसायचं, यावर छकुलीचे बाबा हमखास एखादा विनोद करतात. आज ते दुसऱ्या पाळीत आहेत, म्हणून तो मीच करून टाकला. पोरगी माझ्या मांडीवर झोपली आहे. चार वर्षांचं धूड, पाय अवघडलेत माझे. खाटेवर ठेवता येईल. पण आज नको.

का नको, ते सांगते. तुम्ही हसलात तरी चालेल. मीही हसून पाहिलं आहे.

तसं आमचं घर भूतखेत मानणारं नाही. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातून देव गेले, नवस गेले, अंगारे गेले, आणि त्यांच्याबरोबर भुतंही गेली असं आमच्याकडे धरून चालतात. वरून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. म्हणजे भूत दिसायला मी दोन्हीकडून नालायक. दिसलं नाहीच ते मला. ऐकू आलं.

चौऱ्याऐंशीचा मे महिना. छकुली जेमतेम बसायला लागली होती, आणि मला नागपूरला रेल्वेत अप्रेंटिसशिप लागली. आमच्या तुकडीत मी एकटीच बाई. मला वाटलं होतं ड्रॉइंगचं काम मिळेल, निदान लेथ मशीन. मिळाली सिक लाइन. यार्डाच्या अगदी टोकाला, बिघडलेले मालडबे दुरुस्तीसाठी आणून उभे करतात ती ही लाइन. नाव ऐकून मला गंमत वाटली होती. पण तिथं गेले तेव्हा खरंच एखाद्या जुन्या दवाखान्याच्या वॉर्डात शिरल्यासारखं झालं. ओळीनं उभे डबे, कोणाचं चाक काढलेलं, कोणाचं दार लोंबकळतं. तापलेल्या लोखंडाचा, ग्रीसचा, रॉकेलचा वास. रुळांवरची हवा पाण्यासारखी हलायची. भर दुपारी तिथं जी शांतता पसरायची, तशी मी रात्रीसुद्धा कधी अनुभवली नाही.

धोंडबा मिस्त्री माझे उस्ताद. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा, आणि जिभेवर मी.

"डब्याखाली शिरायचं तर आधी लाल झेंडा रोवायचा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "ज्यानं रोवला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मोठा साहेब असला तरी. झेंडा उभा आहे तोवर इंजिन या लायनीवर येत नाही. समजलं काय, मॅडम?"

"समजलं."

"डिप्लोमात शिकवतेत काय हे?"

"नाही."

"मंग काय शिकवतेत तिथं?"

सगळे हसले. मीही हसले, कारण उत्तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

हा नियम सगळीकडेच असतो. पण त्या लाइनवर अजून एक रिवाज होता, तो कुठं छापलेला नव्हता. जेवणाचा भोंगा व्हायचा, सगळे डब्यांखालून निघायचे, आपापले झेंडे काढायचे, कडुलिंबाखाली जेवणाचे डबे उघडायचे. जेवण झालं की नीट झालेले मालडबे ओढून न्यायला इंजिन यायचं. पण ते जोडण्याआधी मिस्त्री लाइनच्या कडेला वाकायचे आणि डब्यांखाली हाक मारायचे. खाली कोनी आहे काय? आणि मग थांबायचे. झेंडे सगळे निघालेले, माणसं सगळी समोर बसलेली, तरी थांबायचे.

एका दुपारी ते मला म्हणाले, "आज तुम्ही मारा हाक."

मी वाकले. माझा आवाज मुळात बारीक, त्यात लाज.

"बाळाले झोपवून राहिल्या काय मॅडम? जोरात!"

मी ओरडले, "खाली कोणी आहे का?"

चाकांमधल्या अंधारातून उत्तर आलं.

"आहे..."

हातात काम असलेला माणूस मान वर न करता बोलतो ना, तसं. तरुण आवाज, घसा बसलेला. मी आणखी वाकून पाहिलं. पलीकडून ऊन येत होतं. खडी दिसत होती, ग्रीसचा एक उपडा डबा दिसत होता. माणूस नव्हता.

माझ्या मागं कोणीही हसलं नाही. मिस्त्रींनी इंजिनकडे हात वर केला. ड्रायव्हरनं मान हलवली आणि खिडकीवर कोपरं टेकून तो बसून राहिला. शिट्टीसुद्धा नाही.

"मिस्त्री, खाली कोणीतरी..."

"हो."

"पण कोणी नाही आहे."

"हो." ते बाजूला पडलेल्या रुळांच्या लाकडी स्लीपरवर बसले. बिडी पेटवायला गेले, काडी विझली. दुसरी काढली, तीही विझली. वारा अजिबात नव्हता. "थांबायचं, पोरी. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारू. नाही बोलला की मंग डब्बे हलवू. असंच चालते इथं."

त्या दिवसापासून मी त्यांची मॅडम राहिले नाही, पोरी झाले. फोरमन साहेबांनी उशीर का झाला म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांनी उन्हाकडे बोट दाखवलं.

तेव्हा आम्ही यार्डाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत, कवेलूच्या छपराच्या एका खोलीत राहत होतो. हे इथं कोराडीला कामाला, सुट्टी मिळेल तेव्हा बसनं तिकडे यायचे. शेजारच्या खोलीत भागीरथाबाई एकट्या. मी त्यांना आजी म्हणायची. छकुलीला सांभाळायचं त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. माझ्यासारखी बाई, जी झोपलेल्या पोरीचा श्वास चालू आहे का ते नाकाशी बोट धरून पाहते, ती पोर कोणाकडे सोडून जाईल असं मलाच वाटलं नव्हतं. पण आजींच्या हाताला छकुली अशी शांत व्हायची की मला थोडा हेवाच वाटे.

त्या संध्याकाळी मी यार्डातली गोष्ट त्यांना हसत हसत सांगितली. हसून सांगितली की हलकी होईल, असा हिशेब. त्या लुगड्याचा झोका हलवत होत्या. दोरीवरचा हात थांबला.

"आवाज कसा होता वं?"

"तरुण. घसा बसल्यासारखा."

झोका आपोआप हलत हलत उभा राहिला.

"त्याले त्या दिवशी सर्दी झाली होती," आजी म्हणाल्या. "मी म्हणलं होतं, आज नोको जाऊ."

त्यांचा एकुलता मुलगा रुपराव. माझ्यासारखाच अप्रेंटिस, त्याच लाइनवर, बऱ्याच वर्षांमागं. भोंगा झाला, सगळे जेवायला गेले. हातातली शेवटची पिन बसवून येतो म्हणून तो डब्याखालीच राहिला. कोणीतरी त्याचा झेंडा पाहिला. पोरगं झेंडा विसरून जेवायला पळालं, आता साहेबाच्या शिव्या खाईल, असं त्या माणसाला वाटलं. त्यानं कीव येऊन तो झेंडा काढून ठेवला. मग इंजिन आलं.

"कोणी काढला झेंडा?" मी विचारलं.

"चांगल्या मनानं काढला असन. म्हणून मी कोनाले विचारलं नाही."

घरी काय आलं, तर त्याचे कपडे, जेवणाचा भरलेला डबा, आणि झेंडा.

मग रोज मी आले की आजी विचारायच्या, "आज होता काय?" मी होता म्हटलं की त्यांचा चेहरा परगावच्या मुलाचं पत्र आल्यासारखा व्हायचा. नव्हता म्हटलं की त्या दिवशी ताट तसंच राहायचं. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण पोर दुसरीकडे ठेवावी असं मनात आलं की त्यांचा तो चेहरा समोर यायचा, आणि सकाळी मी तिला त्यांच्याच हातात द्यायची.

पावसाच्या आधी ती लाइन उखडणार, असं एक दिवस यार्डात कळलं. नवी लाइन दुसऱ्या टोकाला टाकायची होती. मी घरी येऊन सांगितलं.  दिवेलागणीला आजींनी पेटी ओढली आणि तळातून तो झेंडा काढला. डांबरगोळ्यांच्या वासात इतकी वर्षं राहून कापड नव्यासारखं लाल होतं. आमच्या सगळ्यांच्या झेंड्यांच्या सळीला गोल टोक असतं. याला चौकोनी होतं. कानशीनं घासून लोखंडाचा बरोबर चौकोन काढणं, हा अप्रेंटिसचा पहिला जॉब. मीही केला होता. माझा एका बाजूनं थोडा बसकाच राहिला. रुपरावनं तो आपल्या झेंड्याच्या सळीवर केला होता. काय सुरेख धार होती चारही कोनांना.

"हा त्यानं रोवला," आजी म्हणाल्या. "काढला दुसऱ्यानं. म्हणजे माहा पोरगा अजून ड्यूटीवर आहे, प्रेमिला. झेंडा त्याच्या हातानं निघाल्याबिगर तो घरी कसा येईन? लाइन उखडली की मंग त्याले जागाच नाही राहत... तू नेऊन रोव वं."

"आजी, मी रोवला तर काढायलाही मलाच लागेल. नाही काढता आला तर मीही तिथंच."

हे बोलून गेले आणि माझं मलाच कळलं की मी त्या नियमावर किती विश्वास ठेवायला लागले आहे. आम्ही दोघींनीही झोक्याकडे पाहिलं.

रात्रभर मी कूस बदलत होते. पहाटे एक युक्ती सुचली. माझ्या सगळ्या शिक्षणाचा मला झालेला हा एकमेव उपयोग म्हणायला हरकत नाही. झेंडा मी रोवायचाच नाही. नुसता त्याच्या हाताशी ठेवायचा. तोच रोवेल, तोच काढेल.

आजींना सांगितलं. त्या इतक्या लगबगीनं उठल्या, जणू पाहुणा स्टेशनवर उतरला आहे.

"आज चून-भाकर करतो मी. त्याले आवडते. पोरीले वरण-भात. तू सांग त्याले, म्हणा, आई जेवाची थांबली आहे."

दारातून वळून पाहिलं तेव्हा त्या कढईत बेसन ढवळत होत्या. कडेवर छकुली. माझ्याकडे पाहून दोघीही हसल्या.

यार्डात मी मिस्त्रींना झेंडा दाखवला. त्यांनी सळीचं टोक पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मले नोको देऊ," ते म्हणाले. "मी हात नाही लावत... तू ठेव. आन ठेवला की पाठ फिरव. पाहू नोको."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही विचारलं नाही. आजींनी विचारलं नव्हतं, मी कोण विचारणारी.

भोंगा झाला. जेवणं झाली. लोक कडुलिंबाखालीच बसून राहिले. मी वाकून हाक मारली.

"आहे..."

मी गुडघ्यांवर बसले. खडी इतकी तापली होती की साडीतून चटके बसत होते. झेंडा दोन चाकांमधून आत सरकवला.

"रुपराव... हा तुमचा झेंडा. मी रोवला नाही. तुम्हीच रोवा, तुम्हीच काढा." मी आणखी वाकले. "आई जेवायच्या थांबल्या आहेत."

मी उठून पाठ फिरवली. मिस्त्रींनी डोळे मिटले होते.

बराच वेळ काही नाही. मग मागं खडीत सळी घुसल्याचा आवाज आला. खच्. पुन्हा शांतता. पाने, हातोडी एकमेकांवर ठेवल्याचे आवाज. एकेक करून, नीट. शिफ्ट संपल्यावर माणूस सामान आवरतो तसे. आणि मग सळी उपसल्याचा आवाज.

खडीवर पावलं वाजली. माझ्या बाजूनं गेली. ग्रीसचा वास आला, रॉकेलचा, आणि सर्दीवर लावतात त्या बामचा. पावलांना घाई नव्हती. यार्डाच्या भिंतीला जिथं भगदाड होतं, तिकडे ती गेली. वस्तीकडे.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की मी त्याला घरी पाठवलं आहे. आणि घरी माझी पोरगी आहे.

मी धावले. चप्पल कुठं सुटली ते कळलं नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं उन्हासाठी बंद. फक्त आजींचं दार उघडं.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड दाराकडे. समोर दोन ताटं वाढलेली. चून-भाकर, कांदा, मिरचीचा ठेचा. दोन्ही ताटं तशीच होती. झोका हलत होता. चांगला मोठा झोका, आताच कोणी दिलेला. दोरीचं टोक आजींच्या मांडीवर पडलेलं, पण त्यांच्या मुठीत नव्हतं.

छकुली जागी होती. रडत नव्हती. ओठांना भात लागलेला, शेजारच्या वाटीतला वरण-भात अर्धा संपलेला. वाटीच्या कडेला काळं. तिच्या गालावर एक काळं बोट उमटलेलं.

मी आजींना हात लावला. मे महिन्याच्या त्या भट्टीत त्यांचा हात गार होता, आणि ताठ.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेल्या असतील. बहुतेक मी निघाल्यावर थोड्या वेळानंच. ताटं वाढून बसल्या असतील आणि बसल्या जागीच.

म्हणजे तो आला तेव्हा त्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी सुटून आला, आई दाराकडे तोंड करून बसलेली, आणि तरी उशीर झाला होता. मी पहाटे उठून ड्यूटी सुरू होण्याआधीच झेंडा ठेवून आले असते तर? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता त्याचा आवाजही ओळखीचा झाला आहे.

अंघोळ घालायला बसलेल्या बायांनी एक गोष्ट पाहिली. आजींचे डोळे मिटलेले होते, आणि दोन्ही पापण्यांवर ग्रीसचा एकेक ठिपका होता. साबणानं निघेना. रॉकेलच्या बोळ्यानं पुसावं लागलं.

"चूल पेटवताना लागलं असन," सुभद्रा म्हणाली. ती आमची समोरची, पुढं छकुलीला तीच सांभाळायची.

"असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी लाइनवर हाक मारली. उत्तर आलं नाही. ते थांबले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन मारली. मग नुसते उभे राहिले. इंजिनच्या ड्रायव्हरनं टोपी काढली. त्या पावसाच्या आधी रूळ उचलले, खडी उचलली. झेंडा सापडला नाही.

तो मला सापडला, म्हणजे झेंडा नाही, त्याची खूण. सारवलेल्या अंगणात, आमच्या दाराच्या उजव्या अंगाला, दुपारी एक चौकोनी भोक. मी मातीनं बुजवलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा. छकुली आत झोपलेली असली की असायचं. तिला घेऊन बाहेर गेले असले की नसायचं. एकदा व्हर्नियर कॅलिपर लावून मोजलं. चारही बाजू सारख्या. माझ्या हातून असा चौकोन जन्मात निघाला नसता, तेव्हा मी स्वतः झोपेत उठून करते ही शंका तिथंच मिटली.

मला जे वाटतं ते असं. त्याला घरी कोणी भेटलं नाही. ड्यूटी संपली, आता बस, असं म्हणणारं माणूसच राहिलं नव्हतं. घरात एक तान्हं पोर होतं, ज्याला आपणहून हलता येत नव्हतं. मग त्यानं शिकवलेलं तेवढं केलं. बाहेर झेंडा रोवला.

अप्रेंटिसशिप संपली, नोकरी लागली, आम्ही इथं कोराडीला क्वार्टरमध्ये आलो. मला वाटलं, सिमेंटचा ओटा आहे, आता कशाचं भोक. पण इथली वीजकेंद्राची राख तुम्हाला माहीत आहे. सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत ओट्यावर मऊ थर बसतो. त्या थरात, दाराच्या उजव्या अंगाला, चौकोनी ठसा. आजूबाजूला पाऊल एकही नाही. रोज नागपूरला बसनं जाते-येते मी, पोरीला शेजारी ठेवते, दुपारची झोप मात्र तिला घरी आपल्याच खाटेवर लागते. बाया विचारतात, इतकी भित्री तू, तुला काळजी नाही वाटत? नाही वाटत म्हणते. आल्यावर आधी ओट्याकडे पाहते, मग पोरीकडे.

आज बसमधून उतरले, तेव्हा वावटळ सुटायची होती अजून. झाडाचं पानही हलत नव्हतं. ओट्यावर राखेचा थर होता. सपाट. साईसारखा सपाट.

छकुली शेजारून घरी येऊन खाटेवर बसली होती. मी काही न बोलता वाकले आणि खाटेखाली हाक मारली. किती वर्षांनी मारली. आवाज तसाच बारीक निघाला.

"खाली कोणी आहे का?"

आणि थांबले.

"तो नाही आता," वरून छकुली म्हणाली. "त्याची आई आली होती. जेवायला घेऊन गेली."

"कोणती आई गं?"

"ती. डोळ्यांवर काळं लागलेली."

पापण्यांबद्दल मी या घरात कधी कोणाजवळ बोलले नाही. छकुलीच्या बाबांजवळसुद्धा नाही. मला रडू आलं. भेटली म्हणायची एकदाची. बरं वाटलं, खरंच सांगते, खूप बरं वाटलं.

मग दाराकडे लक्ष गेलं. इतकी वर्षं उजव्या अंगाला जे उभं होतं, ते आता तिथं नाही. आणि पोरगी अजून लहान आहे.

कंदिलाची वात थोडी वर करता का? बसा. लाइट येईपर्यंत तरी बसा.